मेलेल्यांच्या स्वारीतला हालवर

बाक्केलीचं घर दरीच्या सावलीच्या बाजूला आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन तिथून जातं, ते फेब्रुवारी सरत आला की परत येतं. मधले चार-साडेचार महिने समोरच्या डोंगरावर ऊन पडलेलं नुसतं बघायचं. मी एकतीस वर्षं या दरीत टपाल वाटलं, हिवाळ्यात स्कीवरून, उन्हाळ्यात सायकलवरून, आणि त्या घराचा चढ लागला की हात आपोआप कोटाच्या वरच्या बटणाकडे जायचा.

तिथे तोरगुन एकटी राहायची. चार गाई, थोडं गवतरान आणि स्वयंपाकघरातलं लांब टेबल. त्या टेबलाच्या एका टोकाला ती जेवायची आणि दुसऱ्या टोकाला चित्रं काढायची.

ऑस्लोहून निघणाऱ्या एका नाताळ अंकात दरवर्षी तिची तीन-चार चित्रं असायची. लाल टोपीचा नीसे, म्हणजे आपल्या गोठ्याचा राखणदार बुटका, हातात लापशीचा वाडगा घेऊन बसलेला, मधोमध लोण्याचा गोळा. पाखरांसाठी खांबाला बांधलेली ओटची पेंढी. गडगडाटाचा देव थोर, त्याच्या रथाचे दोन बोकड, एकाच्या गळ्यात गाईची घंटा. साऱ्या देशातली पोरं ती चित्रं बघत मोठी झाली. आमच्या गावाला मात्र त्याचं कौतुक बेताचंच. दुकानात बिरगिट अंक गल्ल्याजवळ मांडून ठेवायची आणि तोरगुन आली की मुद्दाम उघडायची.

"काय गं, यंदाच्या बुटक्याचं नाक थेट आमच्या सासऱ्यांसारखं कसं?"

"तुझ्या सासऱ्यांचं नाक बुटक्यासारखं आहे, त्याला मी काय करू?"

"आणि लग्न कधी करतेस त्याच्याशी? इतकी वर्षं एका घरात राहताय, लोक काय म्हणतील!"

दुकानातली माणसं हसायची. तोरगुनही हसायची, कॉफीची पुडी पिशवीत टाकायची आणि चालू लागायची. पोरं तिला 'नीसेची बायको' म्हणायची, हे तिला ठाऊक होतं.

ती अशी एकटी का पडली, हे सांगायचं तर १९३६च्या डिसेंबरात जावं लागतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिचा भाऊ हालवर चोवीसचा. दोघांचे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. तेच रुंद गाल, तीच जराशी खाली वळलेली जिवणी. फरक एवढाच की हालवरची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. लहानपणी भांडणात तोरगुननेच त्याला गवताचं लाकडी दाताळं फेकून मारलं होतं.

त्या वर्षी तोरगुनला ऑस्लोच्या चित्रकलेच्या शाळेत जागा मिळाली होती. जानेवारीत जायचं ठरलं होतं. आईबाप थकलेले, त्यामुळे दोघांपैकी एकाला तरी घरी राहणं भाग होतं. हालवरने कबूल केलं होतं की तो राहील. मग डिसेंबर उजाडला तशी त्याची कुरबुर सुरू झाली. नाताळच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी, म्हणजे तेवीस तारखेच्या सकाळी, दोघांचं गोठ्यात कडाक्याचं भांडण झालं. तोरगुन म्हणाली, "मी जाणार म्हणजे जाणार. शेण तू काढ आता." हालवरने स्की बांधल्या, सापळे बघून येतो असं आईला सांगितलं आणि डोंगरावर निघून गेला.

तो परत आला नाही.

शोधायला गेलेल्यांत मी होतो. मला तेव्हा अठरावं लागलेलं. त्याच्या स्कीच्या दोन रेघा वरच्या तळ्यापर्यंत सरळ गेलेल्या दिसल्या, आणि तिथून पुढे वाऱ्याने सगळा बर्फ सपाट केलेला. तीन दिवस आम्ही हाका मारल्या. नाताळची लापशी कुणाच्या घशाखाली उतरली नाही. बर्फ वितळल्यावर तळ्यात गळ टाकून पाहिलं, दऱ्या पाहिल्या. काठी मिळाली नाही, की टोपी नाही.

पाद्री म्हणाले, वादळात सापडला. म्हातारी माणसं पाद्रींसमोर माना हलवायची आणि घरी आल्यावर वेगळं बोलायची. आमच्याकडे नाताळच्या त्या दिवसांत ओस्कोरेया निघते असं मानतात. ओस्कोरेया म्हणजे मेलेल्यांची स्वारी. आकाशातून काळे घोडे उधळत येतात. पूर्वी म्हणे सगळ्यात पुढे जुना देव ओदिन असायचा, एका डोळ्याचा, आठ पायांच्या घोड्यावर. ज्याचं मन ठिकाणावर नाही असा एखादा माणूस बाहेर दिसला की स्वारी त्याला उचलून नेते. म्हणून दारावर डांबराची फुली काढायची, वर पोलादी सुरी खोचायची. हालवरच्या बापाने त्या वर्षी फुली काढली होती. "पण फुली घराच्या दारावर होती," तो म्हणायचा, "आणि पोरगा घराबाहेर."

तोरगुन ऑस्लोला गेली नाही. कसली जातेय! बाप अठ्ठेचाळीस साली गेला, आई एक्कावन्नला. अडतीस साली तिने टपालाने त्या अंकाला एक चित्र पाठवलं होतं, ते घेतलं गेलं, आणि पुढे दरवर्षीचंच झालं. ऑगस्टच्या मध्याला मी तिच्याकडून कागदाची गुंडाळी न्यायची, आणि नोव्हेंबरात अंकाच्या दोन प्रती आणून द्यायच्या. त्या दोन दिवशी ती मला कॉफी द्यायची. बाकीचे दिवस दारातूनच, "ठेव तिथे, ओस्मुंड." त्या भांडणाबद्दल तिने मला एकदाच सांगितलं होतं. "शेण तू काढ, हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं," असं म्हणाली आणि उठून चुलीत लाकूड घातलं. चुलीत लाकडं भरपूर होती.

१९६९च्या ऑगस्टात मी गेलो तर ती तापाने फणफणलेली. आतल्या खोलीतून आवाज आला, "खिडकीजवळची गुंडाळी ने. तपकिरी कागदातली." खिडकीजवळ तपकिरी कागदात दोन गुंडाळ्या होत्या. मी हाताला लागली ती उचलली. विचारायला हवं होतं, पण पावसाची चिन्हं होती आणि मला अजून सहा घरं करायची होती.

नोव्हेंबरात अंकाचं पाकीट घेऊन गेलो. तिने माझ्यासमोरच दोरी कापली, पानं उलटली, आणि हात थांबला.

"हे काय?" ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. दोन पानांवर पसरलेलं चित्र. बाक्केलीचंच छप्पर, त्यावरून धावणारी स्वारी. पुढे ओदिन, खाली झुकलेल्या हॅटखाली एकच डोळा. मागे मेलेली माणसं, कुणाच्या अंगावर जुनं चिलखत, कुणाच्या अंगावर आमच्याच दरीतला रविवारचा कोट. घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. मधल्या एका घोड्यावर पन्नाशी उलटलेला एक माणूस होता, केस विरळ झालेले, गाल रुंद. तो एकटाच खाली, घराकडे बघत होता. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

"तोरगुन, मी चुकीची गुंडाळी नेली?"

"नेलीस."

"त्यांनी कळवलं नाही?"

"कळवलं होतं. संपादकांचं पत्र आलं होतं, यंदाचं चित्र फार आवडलं म्हणून. मला वाटलं, बुटक्याबद्दल लिहिलंय." ती खुर्चीत बसली. "आता छापलं गेलं. तू कॉफी पी."

कॉफी झाल्यावर तिने मला आतली पेटी उघडून दाखवली. सदतीस सालापासून दर डिसेंबरात तिने एक स्वारी काढली होती. बाकी सगळं बदलायचं, घोडे, ढग, मागची माणसं. हालवर प्रत्येकात होता आणि दरवर्षी एक वर्षाने मोठा होत होता. पहिल्या चित्रात तो आमच्या ओळखीचा पोरगा. मग चेहरा भरला, मग कपाळावर आठ्या आल्या, मग कानाजवळ पांढरे.

"तो कसा दिसत असेल, हे तुला काय ठाऊक?" मी विचारलं.

तिने खिडकीजवळच्या आरशाकडे बोट केलं. "मी कशी दिसते ते बघते. मग भुवई तोडते."

त्या नाताळला गावात चर्चा झाली. काहींना चित्र अभद्र वाटलं. बिरगिटने पहिल्यांदाच थट्टा केली नाही. "मी ओळखलं त्याला," एवढंच ती मला हळूच म्हणाली. "शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाक्केलीसाठी एक जाडजूड पत्र आलं. शिक्का पार उत्तरेचा, फिनमार्कच्या किनाऱ्यावरचा. तोरगुनला तिकडून कधी पत्र आलं नव्हतं. मी दारात ठेवून वळलो आणि फाटकापर्यंत आलो असेन, तेवढ्यात तिने हाक मारली. हाक म्हणजे माझं नावसुद्धा नीट नाही, नुसता आवाज. आत गेलो तर ती टेबलाशी उभी होती. "वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच. माझे डोळे नीट वाचत नाहीयेत."

पत्र येन्सिना नावाच्या एका विधवेचं होतं. अक्षर मोठं, शाळकरी. तिने लिहिलं होतं की नाताळ अंकातल्या त्या चित्रातला तिसऱ्या घोड्यावरचा माणूस तिचा नवरा आहे. त्याचं नाव पेडर. सदतीसच्या वसंतात तो मासेमारीच्या बोटीवर कामाला आला, कागदपत्रं समुद्रात गेली म्हणाला. युद्धाच्या शेवटी जर्मनांनी माघार घेताना किनाऱ्यावरचं सगळं गाव जाळलं, चर्चच्या वह्यासुद्धा, आणि मग सगळ्यांनाच नवे कागद मिळाले. त्याला तीन मुलं झाली. सदुसष्टच्या ऑक्टोबरात छातीच्या दुखण्याने तो अंथरुणातच गेला. आपल्या घरच्यांबद्दल तो कधी बोलला नाही. मात्र दर नोव्हेंबरात दुकानातून तो हाच अंक विकत आणायचा, पैसे असोत नसोत. मुलांना मांडीवर घेऊन बुटक्यांची चित्रं दाखवायचा आणि म्हणायचा, 'ही चित्रं काढणाऱ्या बाईला गाई कळतात.' शेवटी तिने विचारलं होतं, 'तुम्ही माझ्या नवऱ्याला कुठे पाहिलं होतं? आणि तो तुमचा कोण?'

मी कागद खाली ठेवला. बाहेर समोरच्या डोंगरावर ऊन पडलं होतं.

"बोटीवर," तोरगुन म्हणाली. "मासे धरत होता."

"हो."

"तीन मुलं."

"तोरगुन, बस जरा."

"बसत नाही." तिचा आवाज चढला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "मी त्याला मारला असं मला वाटत होतं, ओस्मुंड! तेहेतीस वर्षं! मी सकाळी उठून गाईंचं शेण काढत होते आणि म्हणत होते, हे माझ्यामुळे. आणि तो अंक विकत घेत होता! माझं नाव छापलेलं असायचं प्रत्येक चित्राखाली. एक ओळ लिहायला काय झालं होतं त्याला? चुलीतल्या कोळशाने लिहायची!"

टपालवाल्याला पत्र कसं पोचवायचं ते ठाऊक असतं, पोचल्यावर काय करायचं ते नाही. मी म्हटलं, "लाज वाटली असेल त्याला."

"वाटू दे की. लाज वाटून माणूस मरत नाही. मी मेले का?"

मग तिने पेटीकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "सदुसष्टच्या ऑक्टोबरात गेला म्हणते ती. म्हणजे तीन चित्रं जास्त झाली."

त्यानंतर दीडेक महिना तिने दार उघडलं नाही. टपाल मी ओट्यावर ठेवायचो, दुसऱ्या दिवशी ते उचललेलं असायचं, म्हणून कळायचं की ती आहे. एकदा तिथे फिनमार्कला धाडायचं पाकीट ठेवलेलं होतं, ते मी नेलं. धुराड्यातून धूर निघायचा. एकदा गोठ्यातून तिचं गाईशी बोलणं ऐकू आलं, नेहमीसारखंच. मी थांबून ऐकलं आणि पुढे गेलो. घरी बायको म्हणाली, "जाऊन बसत का नाहीस तिच्याजवळ?" मी गेलो नाही. चुकीची गुंडाळी उचलणारा मीच, पुन्हा तोंड काय दाखवू असं वाटायचं.

मार्चमध्ये तिनेच मला आत बोलावलं. खिडकीत ऊन आलं होतं, टेबलाच्या चित्रांच्या टोकापर्यंत. ती वाळलेली दिसत होती, पण केस विंचरलेले होते.

"मी तिला उत्तर लिहिलं," ती म्हणाली. "तो माझा भाऊ, नाव हालवर. एवढंच. तिने लगेच उलट पत्र धाडलं, उन्हाळ्यात ये म्हणून. बोटीचं तिकीटही काढते म्हणते."

"मग जा ना! गाईंचं आम्ही बघू. माझी बायको येईल दूध काढायला."

"नाही जाणार." तिने हात उन्हात ठेवले. "तिथे दगडावर पेडर लिहिलंय. पेडरला मी ओळखत नाही. त्याच्याशी काय बोलू?"

मग ती म्हणाली ते मी जसंच्या तसं सांगतो. "तुला गंमत सांगू? तो मेलाय असं वाटत होतं तेव्हा या घरात आम्ही दोघं होतो. डिसेंबर आला की मी त्याच्याशी भांडायचे, त्याला घोड्यावर बसवायचे, कोट चढवायचे. तो जिवंत होता असं कळलं, आणि आता इथे कुणीच नाही."

त्या दिवशी तिने पेटी माझ्यासमोर ओढली. सगळ्या स्वाऱ्या काढून टेबलावर ठेवल्या, पहिल्यापासून शेवटच्या तीन जास्तीच्यांसकट. छापलेल्या चित्राचं मूळ ऑस्लोहून परत आलं होतं, तेही त्यात होतं. "हे सगळं येन्सिनाला पाठव. मला घरात नको."

"सगळी? एखादं ठेव."

"सगळी. आणि या वेळी बघून उचल."

आम्ही दोघांनी मिळून ती गुंडाळली. ती हसली नव्हती, पण टोमणा मारला म्हणजे थोडं बरं चाललंय, असं मी समजलो.

उत्तर यायला मे उजाडला. पाकीट इतकं जाड की मला वाटलं, चित्रंच परत आली. तोरगुनने ओट्यावरच्या बाकावर बसून फोडलं. आत वहीची पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. येन्सिनाने लिहिलं होतं की जाळी ठेवायच्या कोठीत मुलांनी चित्रं वर्षांप्रमाणे ओळीने लावली आणि मग घरात वाद सुरू झाला. मोठा मुलगा म्हणाला, बावन्न साली बाबांना दाढी होती, चित्रात नाही. मुलगी म्हणाली, छप्पन्नला ते इतके थकलेले नव्हते. म्हणून शेवटी ती चित्रांसमोर स्टुलावर बसली आणि दर वर्षी तो खरोखर कसा होता, ते तिने चित्रागणिक लिहून काढलं. 'तुम्ही घोड्यावर बसवलंत,' तिने लिहिलं होतं, 'त्याला घोड्यांची भीती वाटायची. आमच्याकडे घोडा नव्हताच.'

"भीती वाटायचीच," तोरगुन म्हणाली. "आमच्याच घोड्याने त्याला पाडलं होतं. मी विसरलेच होते." तिने पानं माझ्याकडे दिली. "तू वाच. चष्मा आत आहे."

चष्मा तिच्या एप्रनच्या खिशातून डोकावत होता. मी वाचायला लागलो.

एकोणचाळीस. बोटीचा दोर हातातून सुटला, उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. चाळीस. लग्न झालं, नवरदेवाचा कोट शेजाऱ्याचा, बाह्या आखूड. चव्वेचाळीस. घर जळलं, हिवाळाभर उलट्या केलेल्या होडीखाली राहिलो, मोठा मुलगा तिथेच झाला. सत्तेचाळीस. दाढ सुजली, डॉक्टर नव्हता, शेजाऱ्याने पक्कडीने काढली, तीन दिवस कुणाशी बोलला नाही. बावन्न. दाढी. मला आवडली नाही, काढायला लावली. पंचावन्न. धाकट्या मुलीला बुटका दाखवत होता, मध्येच उठून बाहेर गेला. परत आल्यावर डोळे लाल होते, वारा आहे म्हणाला. वारा नव्हता.

तोरगुन समोरच्या डोंगराकडे बघत ऐकत होती. मध्ये मी थांबलो की हाताने खूण करायची, पुढे वाच. गोठ्यातून गाय हंबरली तरी ती उठली नाही.

"अठ्ठावन्न," मी वाचलं. "या वर्षी विशेष काही घडलं नाही. तो बरा होता."

"काय म्हणालास?"

"विशेष काही घडलं नाही. तो बरा होता."

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.